परसातले लावे आणि बदके : एक घरगुती हिशेब
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

पक्षिपालन हा शेतकी महाविद्यालयाचा विषय. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने त्यावर लेख लिहावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण ज्या व्यवहारात रोज खर्च होतो, रोज उत्पन्न येते आणि भांडवल स्वतःच्या पायांनी चालते, त्याचा हिशेब वाणिज्याच्या विद्यार्थ्याने मांडायचा नाही तर कोणी मांडायचा? शिवाय हा विषय माझ्याकडे पुस्तकातून आला नाही, तो घरातून आला.

आमचे घर बेळगावच्या दक्षिणेला, भातशेताच्या कडेला आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या काकांनी घरात एक योजना मांडली. एका व्यापाऱ्याकडून पाचशे लावे घ्यायचे, पिंजरे त्याच्याकडूनच घ्यायचे आणि तयार झालेले पक्षी व अंडी तोच परत विकत घेणार. काकांनी पिग्मीत साठवलेली रक्कम आणि वर थोडे कर्ज, असा भांडवलाचा विचार होता. "तू हिशेब शिकतेस ना, मग बघ जरा मांडून," असे म्हणून त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. तेव्हापासून मी या विषयाचे वाचन केले, पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारपूस केली आणि घरात पक्षी आल्यावर वहीही लिहीत आले. त्या अभ्यासाचे सार येथे देत आहे. परसात चार पक्षी पाळून घरच्यांना अंडी-मटण मिळावे आणि मनालाही विरंगुळा व्हावा, अशी इच्छा असणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

दोन पक्ष्यांची ओळख

लावा आपल्याला परका नाही. आयुर्वेदात तर पक्ष्यांच्या मांसात लाव्याचे मांस श्रेष्ठ म्हणून चरकसंहितेने सांगितले आहे. कानडीत त्याला गौजल हक्की म्हणतात. हक्की म्हणजे पक्षी. बदकाला कानडीत बातुकोळी म्हणतात. मराठी माणसाला 'कोळी' म्हटले की मासे धरणारा किंवा जाळे विणणारा जीव आठवतो. कानडीत कोळी म्हणजे कोंबडी. आमच्यासारख्या दोन्ही भाषांत वाढलेल्यांना अशा गमती रोजच्या आहेत.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. माळावर आणि शेताच्या बांधावर भुर्रकन उडून जातो तो रानातला लावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ अन्वये त्याला संरक्षण आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा मारून खाणे हा गुन्हा आहे. घरी पाळतात तो जपानी लावा. हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पाळीव झालेला असून १९७४ साली अमेरिकेतून उत्तर प्रदेशातील इज्जतनगर येथे आणला गेला आणि तेथून देशभर पसरला. जपानी लावाही त्याच कायद्याच्या कक्षेत येतो असे धरून २०११ मध्ये नव्या परवान्यांवर बंदी आली होती. पुढे २०१३ मध्ये केंद्र सरकारने जपानी लाव्याला त्यातून वगळले. तरीही पिल्ले नेहमी मान्यताप्राप्त उबवणी केंद्रातूनच घ्यावीत आणि पावती जपून ठेवावी. पावतीचे महत्त्व वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

बदकांत अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल ही जात नावाजलेली आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात अॅडेल कॅम्पबेल या बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या घरच्या परसात ही जात तयार केली. त्यासाठी त्यांनी वापरलेली एक जात म्हणजे इंडियन रनर. नावात 'इंडियन' असले तरी ही जात मूळची आग्नेय आशियातली. मांसासाठी पांढरे पेकिन बदक पाळतात. चांगल्या खाद्यावर ते सहा आठवड्यांत दोन-सव्वादोन किलोचे होते. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे केंद्र सरकारची कुक्कुटविकास संस्था असून तेथे बदकांच्या पैदाशीचेही काम होत आले आहे. आपल्या भागातील इच्छुकांनी तेथे चौकशी करावी.

लाव्याची जोपासना

लावा हा घाईचा पक्षी आहे. अंडे सतरा-अठरा दिवसांत फुटते. पिल्लाचे वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम असते. हातावर घेतले तर मोठा भुंगा घेतल्यासारखे वाटते. पाच आठवड्यांत ते दीडशे ते दोनशे ग्रॅमचे होते आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात मादी अंडी घालू लागते. कोंबडी ज्या वयात अजून तलंगही झालेली नसते, त्या वयात लाव्याच्या मादीचा संसार सुरू झालेला असतो.

या घाईची किंमत पहिल्या दोन आठवड्यांत मोजावी लागते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३७ अंश सेल्सियस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करीत चौथ्या आठवड्यापर्यंत ती बंद करता येते. उबेसाठी तापणारा जुन्या पद्धतीचा बल्ब किंवा त्यासाठीच मिळणारा खास दिवा वापरावा. एल. ई. डी. दिवा उजेड देतो, पण ऊब देत नाही. ऊब बरोबर आहे की नाही हे पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी आहे, दिव्यापासून दूर पळून चोच वासून बसली असतील तर उष्णता जास्त आहे, आणि सर्वत्र सारखी पसरली असतील तर ठीक आहे. दुसरे म्हणजे, पिल्ले एवढीशी असल्यामुळे पाण्याच्या बशीतही बुडतात. बशीत स्वच्छ खडे किंवा गोट्या टाकून ठेवाव्यात. तिसरे, खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नये, पाय फाकतात. गोणपाट अंथरावे.

मोठ्या लाव्यांना जागा फार लागत नाही. दहा माद्यांना तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि एक फूट उंच असा जाळीचा पिंजरा ऐसपैस होतो. उंची मुद्दाम कमी ठेवायची. लावा दचकला की सरळ वर उसळतो आणि उंच पिंजऱ्यात वेग घेऊन डोके आपटून घेतो. छताला आतून गोणपाट ताणून बांधले तर अधिक बरे. मांजर, मुंगूस आणि घूस हे तीन शत्रू लक्षात ठेवून जाळी बारीक घ्यावी आणि पिंजरा जमिनीपासून कमरेइतका उंच टांगावा किंवा घोड्यावर ठेवावा.

खाद्याच्या बाबतीत लावा खानदानी आहे. पिल्लांना चोवीस टक्क्यांच्या वर प्रथिने लागतात. म्हणून ब्रॉयलर कोंबड्यांचे प्री-स्टार्टर खाद्य बारीक करून देतात. अंड्यावरच्या मादीला सुमारे वीस टक्के प्रथिने आणि कवचासाठी शिंपल्यांचा चुरा द्यावा लागतो. नुसत्या कण्या, तांदूळ आणि शिळी भाकरी यांवर लावा जगेल, पण अंडी देणार नाही. एक मोठा पक्षी दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅम खाद्य खातो. अंड्यांसाठी रोज चौदा ते सोळा तास उजेड लागतो. पावसाळ्यात आभाळ भरून आले की संध्याकाळी दोन-तीन तास दिवा लावावा लागतो.

तीन आठवड्यांनी नर-मादी ओळखता येतात. नराच्या छातीवरची पिसे एकसारखी तांबूस असतात, मादीच्या छातीवर काळे ठिपके असतात. मादी नरापेक्षा वजनाने जास्त असते. खाण्याच्या अंड्यांसाठी नराची मुळीच गरज नाही. पिल्ले काढायची असतील तर दोन-तीन माद्यांमागे एक नर ठेवावा आणि तो बाहेरचा आणावा, कारण नात्यातल्या नात्यात जोड्या लागत गेल्या तर लाव्याची पैदास लवकर खालावते. पाळीव लावा अंड्यांवर बसत नाही. पिल्लांसाठी उबवणी यंत्र किंवा हलक्या अंगाची खुडूक कोंबडी हाच उपाय.

बदकाची जोपासना

लाव्याची जात नाजूक, बदकाची काटक. बदकाच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात तीस-बत्तीस अंश ऊब पुरते आणि तीन-चार आठवड्यांत तीही लागत नाही. मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. बदकाचे पिल्लू म्हणजे जन्मजात पोहणारा, त्याला लगेच हौदात सोडावे, असे आपल्याला वाटते. आईच्या पोटाखाली वाढणाऱ्या पिल्लाच्या लवेला आईच्या पिसांचे तेल लागते; यंत्रातून किंवा कोंबडीखालून निघालेल्या पिल्लाला ते मिळत नाही. असे पिल्लू खोल पाण्यात भिजते, गारठते आणि मरते. अंगावर खरी पिसे येईपर्यंत त्याला पिण्यापुरतेच पाणी द्यावे.

दुसरा गैरसमज असा, की तळे असल्याशिवाय बदक पाळता येत नाही. अंड्यांसाठी पोहणे आवश्यक नाही. परंतु पाण्याचे भांडे पाच-सहा इंच खोल हवे, कारण बदकाला डोके बुडवून डोळे आणि नाकपुड्या धुवाव्या लागतात. उथळ ताटलीतून पाणी दिले की डोळ्यांभोवती खपल्या धरतात. कोरडा भरडाही त्याच्या घशात अडकतो. म्हणून खाद्य पाणी शिंपडून ओलसर करून द्यावे आणि भांड्यात उरलेले रात्रभर ठेवू नये, आंबते. पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा अधिक लागते. ते कमी पडले तर पाय अधू होतात. खाद्यात थोडे यीस्ट मिसळणे हा सोपा उपाय आहे.

सर्वांत मोठी सूचना शेंगदाण्याच्या पेंडीबद्दल आहे. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले एका अनोळखी रोगाने मेली. बदकाची पिल्लेही मेली. शोध घेता घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग गेला आणि तिच्यावरील बुरशीत अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. पाळीव पक्ष्यांत या विषाला सर्वाधिक बळी पडणारा पक्षी बदक होय. आपल्या भागात पावसाळाभर हवा दमट असते आणि पेंड घरोघरी गोणीत पडून असते. गुरांना चालेल म्हणून वास आलेली पेंड बदकांपुढे टाकणे म्हणजे त्यांना विष घालणे आहे. पेंड आणि मका कोरडा, बिनवासाचा आणि जमिनीपासून वर ठेवलेलाच वापरावा. शंका आली तर फेकून द्यावा. तो तोटा लहान असतो.

पाच बदकांना रात्री पाच फूट बाय चार फुटांचे खुराडे पुरते. खाली भाताचे तूस अंथरावे आणि ओले झाले की बदलावे. बदके पाणी जितके पितात त्याहून जास्त सांडतात. त्यामुळे पाण्याचे भांडे खुराड्याबाहेर, जाळीच्या चौकटीवर ठेवले तर निम्मा चिखल कमी होतो. मादी चार-साडेचार महिन्यांची झाली की अंड्यावर येते. बहुतेक सर्व अंडी सकाळी नऊच्या आत घातली जातात. म्हणून नऊपर्यंत बदके बाहेर सोडू नयेत, नाहीतर अंडी शेतात शोधत फिरावे लागते. मोठी मादी 'क्वॅक' म्हणून मोठ्याने ओरडते, नराचा आवाज घोगरा असतो आणि त्याच्या शेपटीवर एक-दोन पिसे वर वळलेली असतात; यावरून दोघे ओळखावेत. येथेही खाण्याच्या अंड्यांसाठी नर लागत नाही.

दोघांना वेगळे का ठेवावे

लाव्याला कोरडी जागा हवी, बदक जाईल तिथे ओल करते. एवढे एक कारण पुरेसे आहे. दुसरे कारण रोगाचे. भारतात बर्ड फ्लूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आली. २०१४ मध्ये केरळातील आलप्पुळा आणि कोट्टयम भागात बदकांमध्ये साथ आली. बदक पाणथळ जागी रानपक्ष्यांच्या सहवासात येते आणि काही वेळा स्वतः आजारी न दिसता विषाणू बाळगू शकते; लावा किंवा कोंबडी मात्र त्यातून वाचत नाही. म्हणून बदकांचे खुराडे वेगळे, भांडी वेगळी, आणि काम करताना आधी लाव्यांचे करून मग बदकांचे करावे. हात साबणाने धुवावेत. एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते पुरून गप्प बसू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. बदकांना डक प्लेग या रोगाची लस तेथील सल्ल्याने टोचून घ्यावी.

हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रुपयांतले भाव मी येथे मुद्दाम दिलेले नाहीत. भाव दर महिन्याला बदलतात. खाद्य आणि अंडी यांचे वजनातले प्रमाण फारसे बदलत नाही. वाचकांनी आपल्या गावचा भाव घालून गुणाकार करावा.

प्रथम लावा. दहा माद्या रोज पंचवीस ग्रॅमप्रमाणे महिन्याला साडेसात किलो खाद्य खातात. एक मादी वर्षाला अडीचशे अंडी देते असे धरले तर महिन्याला दहा माद्यांची सुमारे दोनशे आठ अंडी होतात. एक अंडे दहा ग्रॅमचे, म्हणजे एकूण सुमारे दोन किलो. अर्थात एक किलो अंड्यांना साडेतीन किलोहून थोडे अधिक खाद्य लागले. याच पिंजऱ्यात हौसेने तीन नर ठेवले, तर खाद्य पावणेदहा किलो होते, अंडी तेवढीच राहतात आणि प्रमाण पावणेपाच किलोच्या आसपास जाते. हे तीन नर जवळजवळ चौथा हिस्सा खाद्य खातात आणि जमेच्या बाजूला काहीच घालत नाहीत. हिशेबाच्या भाषेत याला अनुत्पादक खर्च म्हणतात.

आता बदक. पाच माद्या रोज १४० ग्रॅमप्रमाणे महिन्याला एकवीस किलो खातात. खाकी कॅम्पबेल उत्तम निगेखाली वर्षाला तीनशे अंडी देते. घरच्या निगेत २४० धरू. महिन्याला पाच बदकांची शंभर अंडी, प्रत्येक सुमारे ६५ ग्रॅमचे, म्हणजे साडेसहा किलो. एक किलो अंड्यांना सव्वातीन किलो खाद्य.

तुलनेसाठी, मोठ्या पोल्ट्रीतली कोंबडी एक किलो अंड्यांना सव्वादोन ते अडीच किलो खाद्य घेते, आणि ते खाद्य पोल्ट्रीवाला घाऊक भावाने घेतो. आपण किरकोळ भावाने. म्हणजे विकतच्या खाद्यावर घरचे अंडे बाजारातल्या अंड्यापेक्षा स्वस्त पडणे शक्य नाही. "घरचे आहे म्हणून फुकट" असे आपण म्हणतो, तेव्हा आपण खर्चाची बाजू लिहायलाच विसरलेलो असतो. आमची आजी हेच एका म्हणीत सांगते : चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

मग बदक पाळण्यात अर्थ काय? अर्थ आहे, पण तो गोणीत नाही, शेतात आहे. भात कापून झाल्यावर शेतात दाणे सांडलेले असतात. पाटाच्या कडेला गोगलगायी, किडे, बेडकांची पिल्ले असतात. स्वयंपाकघरात भाजीची देठे आणि धुतलेल्या ताटातली शिते असतात. या वस्तूंना बाजारभाव नाही; त्या वेचायला मजूर लावला तर मजुरीही सुटणार नाही. बदक त्या फुकट वेचते. महिन्याच्या एकवीस किलोंपैकी निम्मे पोट बाहेर भरले, तर किलोभर अंड्यांना विकतचे खाद्य दीड किलोच्या थोडे वर लागते, आणि येथे घरचे अंडे पोल्ट्रीला मागे टाकते. मात्र घरच्या कोंड्याला फुकट समजू नये. तो विकला असता तर पैसे आले असते. म्हणून तो बाजारभावाने खर्ची टाकलाच पाहिजे. ज्याला कोणी विकत घेणार नाही तेच खरे फुकट.

केरळातील कुट्टनाड भागात हे तत्त्व फार जुने आहे. तेथे सुगीनंतर बदकांचे कळप या शेतातून त्या शेतात सांडलेल्या दाण्यांवर चारत नेतात. जपानमध्ये ताकाओ फुरुनो या शेतकऱ्याने १९८८ पासून उभ्या भातातच बदकाची पिल्ले सोडण्याची पद्धत रूढ केली. रोप लागून मूळ धरले की पिल्ले सोडायची. ती तण आणि कीड खातात, पाणी ढवळतात, खत टाकतात. आणि लोंब्या बाहेर पडू लागल्या की त्यांना बाहेर काढायचे, नाहीतर दाणेही खातील. आपल्या येळ्ळूर-शहापूर-वडगावच्या भातशिवारात सुगीनंतर बदके चारणे सहज जमण्यासारखे आहे. अट एकच, त्या शेतात किंवा पाटाच्या वरच्या अंगाला कीटकनाशक फवारलेले नसावे.

लावा यातले काहीच करीत नाही. त्याला शेतात सोडता येत नाही, तो काही वेचून आणत नाही, तो सर्वस्वी गोणीवर अवलंबून असतो. मांसाच्या दृष्टीने पाहिले तर पाच आठवड्यांत एक पक्षी सुमारे अर्धा किलो खाद्य खाऊन साफ केल्यावर सव्वाशे ते दीडशे ग्रॅम मांस देतो. एक किलो मांसाला सात-आठ पक्षी आणि चार किलोच्या आसपास खाद्य, शिवाय पिल्लांची किंमत वेगळी. बाजारच्या कोंबडीशी त्याची स्पर्धा होऊ शकत नाही. त्याची चव वेगळी आहे, कमी जागेत तो राहतो, पाच आठवड्यांत तयार होतो. एवढ्यासाठीच तो पाळावा आणि त्याचा खर्च घरखर्चात 'हौस' या खात्यावर प्रामाणिकपणे लिहावा.

काकांच्या पाचशे लाव्यांचा हिशेबही मी असाच मांडला. पाचशे पक्षी रोज साडेबारा किलो खाद्य खाणार, महिन्याला पावणेचारशे किलो. रोज सुमारे तीनशे चाळीस अंडी येणार. ती घेणारा एकच, आणि तोच पिल्ले विकणारा, तोच पिंजरे विकणारा. त्याचा नफा पहिल्याच दिवशी झालेला असतो. आपला व्हायचा असतो. तो एक आठवडा आला नाही तर पक्षी तोवर आणखी साडेसत्याऐंशी किलो खाद्य खातील. कापडाचा तागा गोदामात पडून राहतो, पक्षी पडून राहून खातो. २०१२ मध्ये तमिळनाडूत ईमू पक्ष्यांच्या आणि २०१९ मध्ये आपल्या शेजारच्या सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबड्यांच्या परतखरेदी योजना कोसळून हजारो लोकांचे पैसे बुडाले. तेथेही पक्ष्यात दोष नव्हता. पक्षी खाण्यासाठी विकले जात नव्हते, नव्या येणाऱ्या गुंतवणूकदाराला विकले जात होते, हा दोष होता. गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न पहिला. पक्षी किती, हा दुसरा.

काकांनी तो कागद दोन दिवस जवळ ठेवला, मग पिग्मी मोडली नाही. त्याऐवजी घरात पाच बदके आणि दहा लावे आले. परतखरेदी आमच्या घरीच होते. आई रोज सकाळी करते.

ताटातली आणि मनातली जमा

बदकाचे अंडे आकाराने मोठे, पिवळा बलक मोठा, चव जरा उग्र. आमच्याकडे ते वाटलेल्या ओल्या खोबऱ्याच्या आणि तिरफळाच्या रश्श्यात उकडून टाकतात. बदके चिखलात वावरतात, त्यामुळे त्यांच्या अंड्यांवर जंतू असण्याचा संभव अधिक. अंडी धुऊन घ्यावीत आणि बारा-पंधरा मिनिटे पूर्ण उकडावीत. कच्चे किंवा अर्धे कच्चे खाऊ नये. लाव्याची अंडी चार-पाच मिनिटांत उकडतात. पाच अंडी म्हणजे कोंबडीचे एक, असा हिशेब धरावा. लाव्याच्या अंड्याने दमा, मधुमेह बरा होतो, त्यात कोलेस्टेरॉल नसते, अशा जाहिराती मोबाईलवर फिरतात. वजनाला वजन धरले तर त्यात कोलेस्टेरॉल कोंबडीच्या अंड्यापेक्षा कमी नाही. ते चांगले अन्न आहे, औषध नाही.

पाळलेला पक्षी कापून खाण्याचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. आमच्याकडे आजीने नियम घालून दिला. ज्याला नाव ठेवले त्याला कापायचे नाही आणि कापायचे त्याला नाव ठेवायचे नाही. लाव्यांना नावे नाहीत. बदकांना माझ्या धाकट्या भावाने पाचही नावे ठेवून टाकली, त्यामुळे आमची बदके फक्त अंड्यांची राहिली आहेत. म्हातारी झाल्यावर त्यांच्या खाद्याचा खर्चही 'हौस' खात्यावर पडणार, हे मी वहीत आधीच लिहून ठेवले आहे.

या खात्याची जमेची बाजूही आहे. बदके सकाळी अंडी घालतात, लावे बहुधा दुपार टळल्यावर. त्यामुळे दिवसाच्या दोन्ही टोकांना खुराड्यात हात घालून पाहण्याची उत्सुकता असते. लाव्याचे प्रत्येक अंडे वेगळ्या ठिपक्यांचे असते. एक मादी साधारण एकाच नक्षीची अंडी देते, म्हणून थोड्या दिवसांनी कोणाचे कोणते हे ओळखू येते. खाकी कॅम्पबेलची मादी सहसा अंड्यांवर बसत नाही. म्हणून गेल्या वर्षी शेजारून उबवणीची सात अंडी आणून आम्ही ती खुडूक कोंबडीखाली ठेवली. एकवीस दिवसांनी उठायचे तिला ठाऊक, पण ही अंडी अठ्ठावीस दिवसांची. ती बिचारी आणखी आठवडाभर बसली. पुढे पिल्लांना पिसे आली, ती पाटात उतरली आणि ती काठावरून ओरडत राहिली. शेजारची म्हातारी माणसेही तो सोहळा पाहायला येऊन बसत. हे कोणत्या खात्यावर आणि किती रकमेने लिहावे, हे हिशेबशास्त्राच्या पुस्तकात मला अजून सापडलेले नाही.

तात्पर्य

ज्याच्या घराला शेत, पाट किंवा मोठे परस लागून आहे, त्याने चार-पाच बदके पाळावीत. ती घराला खरोखर हातभार लावतील. ज्याच्याजवळ फक्त गच्ची किंवा मागचा सोपा आहे, त्याने दहा लावे पाळावेत आणि त्यांच्याकडून आनंदाची अपेक्षा करावी, नफ्याची नाही. कर्ज काढून दोन्हींपैकी काहीही करू नये. आधी गिऱ्हाईक शोधावे, मग पक्षी आणावेत. आणि कोणी झटपट पैशांची योजना घेऊन दारात आला, तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : एका पक्ष्याला रोज खाद्य किती, त्याचे अंडे किंवा मांस शेवटी खाणार कोण, आणि तुम्ही आला नाहीत तर आम्ही विकायचे कोणाला? या तीन प्रश्नांना वाणिज्याची पदवी लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि साधा तराजू पुरतो.